बहिऱ्याचा सिनेमा

माझा नातू सिनेमा लावायच्या आधी मोबाइलवर लोकांची मतं वाचतो. कुणी किती तारे दिले, कुणाला पहिला अर्धा भाग आवडला, कुणाला शेवट पटला नाही, हे सगळं अर्धा तास वाचून झालं की म्हणतो, "आजी, नको, याला फक्त तीनच आहेत." मग आम्ही काहीच न बघता उठतो. मी त्याला म्हटलं, अरे, आमच्या अख्ख्या गावाने एक सिनेमा न बघताच मतं दिली होती, आणि एकदा दिली ती दिली. त्याला वाटलं, आजी नेहमीसारखी वाढवून सांगतेय. वाढवून सांगायची सवय मला आहे, नाकारत नाही. आता जे लिहायला घेतलंय ते त्या सवयीपायीच घडलं.

आमची वाडी अलिबागच्या खालच्या अंगाला. पुढे घर, मागे नारळी-पोफळी, त्यांच्या मागे सुरूची झाडं आणि मग वाळू. दिवसभर दोन आवाज असायचे. एक समुद्राचा, तो आम्हाला ऐकूच यायचा नाही, फक्त पाहुण्यांना यायचा. दुसरा पाण्याच्या इंजिनाचा, तो बंद पडला की मग कळायचं की इतका वेळ चालू होता. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि बुक्कीने फोडलेला पांढरा कांदा असं जेवण उरकलं की बायका पडवीत सुपारी सोलायला बसायच्या. अंगणात महिना-दीड महिना वाळून खडखडीत झालेल्या सुपारीचा ढीग मधे आणि भोवती आम्ही. हात कामात आणि तोंड रिकामं. त्यामुळे गावात कुणाचं काय चाललंय, काय चालायला हवं होतं आणि काय चालता कामा नये, याचा निकाल आमच्या पडवीत लागायचा. आई असायची. ती कमी बोलायची, पण बोलली की समोरच्याला उत्तर सुचायचं नाही. शेजारच्या वाडीतल्या दुर्गाकाकू मदतीला म्हणून यायच्या, दहा सुपाऱ्या सोलायच्या आणि शंभर गोष्टींवर मत द्यायच्या. खारेपाटातली जनाबाय कामाला यायची, तिचे हात इतके भरभर चालायचे की बघणाऱ्याला लाज वाटावी. आणि माझी मालूआत्या, वडिलांची धाकटी बहीण. तिला अठ्ठाविसावं लागलं होतं. हा आकडा आमच्या घरात कुणी मोठ्याने उच्चारायचं नाही.

मी नववीत होते. सुट्टीत मुंबईला दत्तूमामाकडे गेले, आणि परत यायच्या दिवशी मामाने मला मॅटिनीला नेलं. जुना, गाजलेला, गाण्यांनी भरलेला, हसवणारा सिनेमा. त्याचं खरं नाव आमच्या गावात शेवटपर्यंत कुणाला पाठ झालं नाही, सगळे बहिऱ्याचा सिनेमाच म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते. एक श्रीमंत, तापट बाप. त्याला गाण्याचा इतका राग की घरात कुणी गुणगुणलेलं चालत नाही. त्याची मुलगी चोरून पेटी वाजवते. हिरो पेट्या दुरुस्त करणारा, गळा गोड. मुलगी दिसावी म्हणून तो बहिरा बनून त्या घरात माळीकामाला राहतो. बाप खूश, की बहिऱ्याला गाण्याचं काय! आणि मुलगी त्याच्या तोंडावर मनातलं सगळं बोलून घेते. दिसायला बरा आहे, पण चालतो बदकासारखा. हसला की बरं वाटतं, पण हसतो कशाला तेच कळत नाही. हा आपला बागेत पाणी घालतोय आणि कान टवकारून ऐकतोय. अशी सहा गाणी झाली. सातव्या गाण्यात तिचा एक सूर घसरला, आणि हा गाढव पाठमोरा उभा असताना म्हणाला, "निषाद चुकला." झालं! तिने फाडकन कानाखाली दिली आणि टांगा करून निघाली मामाच्या गावाला.

आणि इथे माझ्या मामाने घड्याळ बघितलं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला यायला लाँच असते, आणि ओहोटी लागली की रेवसच्या धक्क्यापाशी नुसता चिखल उरतो, लाँच लागत नाही. मामा उठलाच. "ऊठ विजू, पाणी उतरायला लागेल." मी म्हटलं, "मामा, थोडाच राहिलाय." तो म्हणाला, "पाणीही थोडंच राहिलं तर काय करशील? चिखलातून चालत जाशील?" थेटरभर लोक बसलेत, आणि मी एकटी मागे वळून वळून बघत बाहेर. अख्ख्या मुंबईत भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून सिनेमा अर्धा सोडणारी माणसं आमच्याच बाजूची असणार. लाँचवर मी मामाशी एक शब्द बोलले नाही, त्याने घेतलेले शेंगदाणे मात्र खाल्ले.

घरी आल्यावर अर्धा सिनेमा बघून आले असं सांगायला मला कमीपणा वाटला. मैत्रिणींत नाही, पडवीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बसले आणि सांगायला लागले. गाणं आलं की थांबून गाणं म्हणायचं, शब्द आठवले नाहीत तर ला ला. पहिल्याच दिवशी मतं सुरू झाली. जनाबाय म्हणाली, "आयकू येतंय आनि सांगत न्हाय? त्याला माडाला बांधला पायजे." दुर्गाकाकूंचं म्हणणं, बापाचं काय चुकलं? घरात परका पुरुष ठेवायचा तर बहिराच बरा, आंधळा मिळाला तर आणखी बरा. आईने दोन सुपाऱ्या सोलल्या आणि विचारलं, "इतक्या दिवसांत त्या घरात एकदाही भांडं पडलं नाही? हा दचकला नाही?" सिनेमा लिहिणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारला असता तर तो लिहायचा थांबला असता, असं मला आजही वाटतं.

मी रोज थोडं थोडं सांगायचे. चौथ्या दिवशी कळलं की गिरणीवर दळण टाकायला आलेल्या बायकांतही दोन पक्ष पडलेत. एक बहिऱ्याच्या बाजूचा, एक बापाच्या. आमचे भाऊ, म्हणजे माझे वडील, ओटीवर पेपर धरून बसायचे आणि आपण ऐकत नाही असं दाखवायचे. एकदा मी एक गाणं गाळलं तर आतून आवाज आला, "काल म्हणालीस तिथे गाणं आहे." हिरोपेक्षा बरा बहिरा आमच्या घरात होता.

पाचव्या दिवशी थप्पड झाली, टांगा निघाला, आणि मी म्हटलं, "बाकीचं उद्या." कारण बाकीचं माझ्याकडे नव्हतंच. सगळ्या चरफडत उठल्या. मालूआत्या मात्र उठली नाही. इतक्या दिवसांत तिने एकही मत दिलं नव्हतं. साली गोळा करता करता तिने हळूच विचारलं, "मग ती परत जाते का गं त्याच्याकडे?" मी म्हटलं, "उद्या सांगते म्हटलं ना." पण तिचं ते विचारणं माझ्या डोक्यातून जाईना.

याचं कारण सांगितलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आत्याला बघायला एक स्थळ आलं होतं. मुलगा शेजारच्या गावच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर, श्रीधर नाव, मूळ घर तिकडे म्हसळ्याला. कांदेपोहे झाले, आत्याने काढलेली रांगोळी त्याने मान वाकडी करून बराच वेळ बघितली. त्याच्या वडिलांना, नानांना, आमच्या भाऊंनी आपल्या वाडीतल्या सुपारीचा भरगच्च विडा दिला. निघताना नाना उंबऱ्यात थांबून भाऊंना म्हणाले, "कळवू." आता बघायला आलेली माणसं 'कळवू' म्हणाली की ती कळवत नसतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नाही म्हणायची ती सभ्य रीत. मुलीकडच्यांनी पुन्हा विचारायचं नसतं, त्यात मान जातो. तर कुणी विचारलं नाही. आणि आत्याने त्यानंतर आलेल्या तीन स्थळांना स्वतःच नाही म्हटलं. का, ते तिने सांगितलं नाही. मास्तर एसटीच्या थांब्यावर दिसला की ती पदर सारखा करायची आणि दुसरीकडे बघायची, तोही छत्री उघडून दुसरीकडे बघायचा, पाऊस असो नसो.

सहाव्या दिवशी मी पडवीत बसले तेव्हा माझ्याजवळ शेवट नव्हता. समोर आत्या होती. मी तिच्याकडे बघत बघत सांगत गेले. म्हटलं, ती मामाकडे चार दिवस रडते. पाचव्या दिवशी उठते, तोंड धुते, घट्ट वेणी घालते, आणि कुणालाही न विचारता टांगा करून सरळ त्याच्या दारात जाऊन उभी राहते. तो दार उघडतो. ती म्हणते, माझं सगळं तू ऐकलंस, आता तुझं काय ते एकदा स्पष्ट सांग, हो तर हो, नाही तर नाही. आणि तो हो म्हणतो. संपला.

"ही खरी बाय!" जनाबाय म्हणाली. दुर्गाकाकूंनी गालावर हात मारून घेतला. "अगो बाई! मुलीने आपण होऊन जायचं? शोभतं का ते?" आई म्हणाली, "शोभत नसेल. काम झालं ना." आत्याच्या हातातली सुपारी उडून थेट अंगणात गेली. मला शाबासकीचं इतकं सुख झालं की पुढे काय होईल हा विचारच शिवला नाही. चौदा वर्षांच्या मुलीला तो शिवतही नाही.

शुक्रवारी आत्या म्हणाली, "विजू, चल, बांगड्या भरून येऊ." तिने वेणी घट्ट घातली होती, तरी माझी ट्यूब पेटली नाही. एसटीतून उतरलो, बांगड्यांचं दुकान आलं, गेलं, आणि आम्ही शाळेच्या दारात. आमची शाळा अजून उघडायची होती, पण इथली उघडली होती आणि मधली सुट्टी चालली होती. श्रीधर मास्तर पायरीवर उभा, बोटांना निळा रंग. आत्या त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. माझा हात तिने इतका आवळला होता की संध्याकाळपर्यंत दुखत होता. "तुमच्याकडून कळवणार होते," ती म्हणाली, "दोन वर्षं झाली. नाही तर नाही. पण ते नाही एकदा सांगायचं तरी. माणूस वाट बघत बसतं."

मास्तराने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. आणि घंटा झाली! पोरांचा लोंढा आमच्या मधून आत घुसला, आणि तो मागे मागे सरकत एवढंच म्हणाला, "मी... बघतो." आणि गेला वर्गात. परतीच्या एसटीत आत्या खिडकीबाहेर बघत होती. तशीच बाहेर बघत म्हणाली, "कळवू बरं होतं गं. बघतो म्हणजे त्याहून वाईट." मला रडू यायला लागलं. कारण आता मला कळलं होतं की ती कुणाच्या जिवावर गेली होती. सिनेमातल्या बाईच्या नाही, माझ्या. खरं सांगून टाकावं असं दहा वेळा मनात आलं आणि दहाही वेळा मी गिळलं. घरी आल्यावर आईने आत्याचे हात बघितले आणि फक्त विचारलं, "बांगड्या?" आत्या म्हणाली, "माप नव्हतं." आईने माझ्याकडे बघितलं. मी कोंबड्या बघायला गेले.

शनिवारी टीव्हीवर उद्याच्या सिनेमाचं नाव सांगितलं, तर तोच, बहिऱ्याचा. वाडीत टीव्ही एकच, आमच्या घरी. रविवारी संध्याकाळी पाचपासून माणसं यायला लागली. गिरणीवरचे दोन्ही पक्ष आले. दुर्गाकाकू पुढची जागा धरायला चारलाच येऊन चहा पिऊन बसल्या होत्या. मी दिवा विझायची वाट बघत होते. एरवी दर रविवारी न चुकता वीज जायची, त्या दिवशी मेली हलली नाही.

सिनेमा सुरू झाला आणि कौतुकच कौतुक. जनाबाय म्हणाली, "विजूबायनं सांगितला तसाच हाय." दुर्गाकाकूंच्या मते हिरो मी सांगितला त्यापेक्षा काळा होता. भांडं पडायची सगळे वाट बघत होते, ते पडलं नाही, तेव्हा सगळ्यांनी आईकडे वळून माना डोलावल्या. टांगा निघाला. टांग्यानंतर ती बाई मामाच्या घरी गेली आणि रडली, आणि रडतच राहिली. एका खांबाला धरून एक गाणं रडली, दुसऱ्या खांबाला धरून दुसरं.

आणि याच वेळेस दारात दोन माणसं उभी राहिली. श्रीधर मास्तर आणि नाना. म्हसळ्याहून आलेले, घामाघूम, हातात पिशवी. पण त्या काळात सिनेमा चालू असताना आलेल्या पाहुण्याला बोलायची सोय नव्हती. कुणीतरी "बसा, बसा" म्हटलं, मागच्यांनी सरकून जागा केली, आणि दोघे मांडी घालून बसले. आत्या स्वयंपाकघराच्या दाराशी होती. ती आत गेली नाही, तिथेच राहिली.

पुढे हिरोच्या डोक्यात झाडाची फांदी पडली आणि तो खरोखरच बहिरा झाला. बाप विरघळला. मुलीला आणलं, तिने गाणं म्हटलं, हिरोला ऐकू आलं, सगळे रडले, समाप्त. ती बाई आपण होऊन एक पाऊलही चालली नाही. दुर्गाकाकू माझ्याकडे वळल्या. "काय गो विजू, ती त्याच्या दारात जाते ते कुठाय?"

"टीव्हीवर कापतात," मी म्हटलं.

"मेल्यांनो, चांगलं तेवढंच कापलंत?" दुर्गाकाकू टीव्हीला म्हणाल्या, आणि मी वाचले.

मग मागून नानांचा आवाज आला. "कापलं असेल नसेल. पण मी सांगतो, त्या पोरीनं आपण जाऊन विचारायला पाहिजे होतं. एवढी रडारड वाचली असती." सगळ्यांच्या माना तिकडे. नाना उठून भाऊंसमोर आले. "आमच्या बाबतीत तरी तुमच्या पोरीनंच विचारलं म्हणून उलगडा झाला. अहो, दोन वर्षांपूर्वी या उंबऱ्यात मी तुम्हाला काय म्हणालो?"

"कळवू म्हणालात," भाऊ म्हणाले.

"कळवा म्हणालो! मुलगी पसंत आहे, तुम्ही कळवा. आणि तुम्ही कळवलंच नाहीत. आम्हाला वाटलं, एवढ्या आत रानात मुलगी द्यायची नसेल यांना."

आई म्हणाली, "विडा होता तुमच्या तोंडात." नाना विचारात पडले. मग त्यांनी गाल फुगवून, तोंड भरलंय असं करून, सगळ्यांदेखत "कळवा" म्हणून बघितलं. ते स्वच्छ "कळऊ" ऐकू आलं. जनाबाय पदर तोंडात कोंबून हसायला लागली, आणि मग कुणाचंच हसू आवरेना. भाऊ तेवढे हसत नव्हते. स्वतःच्या वाडीतल्या सुपारीने स्वतःच्या बहिणीची दोन वर्षं खाल्ली हे त्यांना लागलं होतं.

"मग आता काय म्हणता?" नानांनी भाऊंना विचारलं. भाऊ आत्याकडे बघायला लागले. आत्या मास्तराकडे बघत होती. "शाळेत काहीच का बोलला नाहीत?" तिने विचारलं.

"घंटा झाली होती," मास्तर म्हणाला.

आत्या हसली. दोन वर्षांत मी तिला तशी हसताना बघितलं नव्हतं. "चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली. ते आमच्याकडचं हो.

मी तिच्या मागोमाग गेले. ती आधणाकडे बघत उभी होती, डोळे भरलेले. मी म्हटलं, "आत्या, टीव्हीने काही कापलेलं नाही. मी शेवट बघितलाच नव्हता. तो मी बनवून सांगितला." आणि मला हुंदका फुटला.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "त्याच दिवशी कळलं. शेवटाला तुझ्याकडे एकही गाणं नव्हतं. असा कुठे सिनेमा असतो?"

"मग गेलीस कशाला?"

तिने साखर टाकली, ढवळली, डोळे पुसले. "जायचं तर मला दोन वर्षं होतं," ती म्हणाली. "माझ्या आधी कुणीतरी जाऊन आलेलं हवं होतं गं, एवढंच." आणि कपांचा ट्रे माझ्या हातात देत म्हणाली, "जा, ने बाहेर. आणि त्या शेवटाचं त्यांना काही बोलू नकोस."